हरितद्रव्याचा आकडा वाचताना

समुद्राचे पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून पंपाने हळूहळू ओढून घेतले की कागदावर एक पुसट हिरवट-पिवळसर डाग उरतो. किनाऱ्याजवळच्या पोषणसमृद्ध पाण्यात एका लिटरभरातच तो ठळक उमटतो. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यावर मात्र कित्येक लिटर पाणी गाळूनही कागद कोराच आहे की काय, अशी शंका येते. हा डाग वनस्पती प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, असतो. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या एकूण निर्मितीपैकी जवळपास निम्मी निर्मिती हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात आणि समुद्रातील बहुतेक अन्नसाखळ्या त्यांच्यापासूनच सुरू होतात. त्यांची मोजदाद एकेक पेशी मोजून करणे फार वेळखाऊ असल्यामुळे सर्वांमध्ये समान असलेले हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल-ए, मोजण्याची पद्धत रूढ झाली.

पद्धत वरकरणी सोपी आहे. गाळणकागदाची छिद्रे साधारण ०.७ मायक्रोमीटरची असतात. पंपाचा जोर वाढला तर नाजूक पेशी फुटून हरितद्रव्य पाण्याबरोबर निघून जाते आणि प्रखर उजेडात ते विघटित होऊ लागते, म्हणून हे काम मंद प्रकाशात आणि धीराने करावे लागते. त्यानंतर कागद ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून अंधारात, थंड जागी ठेवतात. उतरलेल्या अर्कावर निळा प्रकाश टाकला की तो लाल रंगात चमकतो आणि त्या चमकेच्या तीव्रतेवरून प्रमाण काढता येते. मला यातील पुढची पायरी विशेष आवडते. अर्कात आम्लाचे थेंब टाकले की हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून जाते आणि चमक घटते. ती किती घटली यावरून पाण्यातील हरितद्रव्य किती ताजे होते आणि किती आधीच मेलेल्या किंवा प्राणिप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांनी, खाऊन टाकलेल्या पेशींचे अवशेष होते, याचा अंदाज बांधता येतो.

आलेला आकडा मिलिग्रॅम प्रति घनमीटर या एककात लिहितात. महासागरांच्या निर्जनवत मध्यभागी तो ०.१ पेक्षाही कमी असतो, तर पेरूच्या किनाऱ्यालगत, जिथे खोलवरचे थंड व पोषणयुक्त पाणी वर येते, तिथे तो १० च्याही पुढे जाऊ शकतो. पण आकडा मोठा म्हणजे समुद्र निरोगी, असे समीकरण मांडले की गडबड होते. शेतांतून आणि सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शैवालांचा बेसुमार बहर येतो तेव्हाही आकडा वाढतो. तो बहर मरून तळाशी कुजू लागला की तेथील प्राणवायू संपतो आणि तळाच्या जीवांना जगणे अशक्य होते. उलट महासागराच्या मध्यावरचा इवलासा आकडा हे आजाराचे लक्षण नसून त्या पाण्याचा स्वभावच असतो. म्हणून आकडा नेहमी त्याच ठिकाणच्या, त्याच ऋतूतील आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो.

याहूनही फसवी गोष्ट अशी की प्लवकांची संख्या तीच राहूनही हरितद्रव्य बदलू शकते. उजेड कमी झाला की तीच पेशी तो अधिक पकडण्यासाठी जास्त हरितद्रव्य तयार करते. भरपूर उजेडात, विशेषतः पोषणद्रव्ये अपुरी असताना, ते कमी करते. त्यामुळे पेशीतील कार्बन आणि हरितद्रव्य यांचे गुणोत्तर दहापटीपर्यंत बदलते. उष्ण कटिबंधातील महासागरात सुमारे शंभर मीटर खोलीवर हरितद्रव्याचा जो ठळक पट्टा आढळतो, त्यामागे अनेकदा पेशींच्या गर्दीपेक्षा हे जुळवून घेणेच अधिक असते. सजीवांचे वस्तुमान सांगणारा आकडा म्हणून हरितद्रव्याकडे पाहणाऱ्यांनी हे विसरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उपग्रहांना हा खोल पट्टा दिसतही नाही. ते पाण्यातून परतणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर पाहतात, कारण हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते. १९७८ मध्ये निम्बस-७ या उपग्रहावरील उपकरणाने ही वाट दाखवली, ते १९८६ मध्ये बंद पडले आणि सलग जागतिक नोंदी १९९७ मध्ये सीविफ्स या उपग्रहीय उपकरणापासून सुरू झाल्या. मधली अकरा वर्षे जवळजवळ रिकामी आहेत, ही हळहळ वाटावी अशी बाब आहे; वातावरणबदलाचा परिणाम नैसर्गिक चढउतारांपासून वेगळा ओळखायला काही दशकांची सलग नोंद लागते.

शिवाय उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा सुमारे नऊ-दशांश वाटा वातावरणातून विखुरलेला असतो, तो वजा करताना झालेली लहानशी चूकही उत्तरात मोठी होऊन उतरते. नद्यांच्या मुखांजवळ गाळ आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळ्या-हिरव्या रंगांचा हिशेब आणखी बिघडवतात. म्हणून उपग्रहाचा आकडा तपासण्यासाठी तो डोक्यावरून जाण्याच्या वेळेच्या आसपास, त्याच जागचे पाणी जहाजावरून उचलून गाळावे लागते. नेमके तेव्हाच आभाळ भरून आले, तर गाळणकागदावरचा डाग हाती राहतो आणि त्याच्याशी ताडून पाहायला उपग्रहाचे चित्रच नसते.