हाउलँड घराण्याची आजी कोण?

बॉस्टनपासून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला असलेल्या प्लिमथ गावी येणारे बहुतेक पाहुणे १६२० साली इंग्लंडहून आलेले वसाहतकरी जिथे उतरले असे मानतात, तो समुद्रकाठचा सुप्रसिद्ध खडक पाहतात, फोटो काढतात आणि परततात. खडक दिसायला इतका सामान्य आहे की आमच्याबरोबर आलेल्या एका मावशींनी ‘एवढ्यासाठी आणलंत?’ असे तोंडावरच विचारले. मला मात्र त्या गावात खिळवून ठेवले ते सँडविच स्ट्रीटवरच्या एका जुन्या लाकडी घराने आणि त्या घराशी जोडलेल्या हाउलँड घराण्याच्या वंशावळीने.

या घराण्याचा मूळपुरुष जॉन हाउलँड हा इंग्लंडमधल्या फेनस्टॅन्टन या खेड्यातला. १६२० साली १०२ प्रवाशांना घेऊन ‘मेफ्लॉवर’ जहाज अमेरिकेकडे निघाले, तेव्हा तो पुढे प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर झालेल्या जॉन कार्व्हर या प्रतिष्ठित गृहस्थाचा नोकर म्हणून त्यात होता. भर अटलांटिकात वादळ चालू असताना तो डेकवर आला आणि जहाजाने एक हेलकावा खाताच समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो त्याच्या हाती लागला. पाण्याखाली गेल्यावरही त्याने तो सोडला नाही आणि खलाशांनी दोर ओढून, शेवटी आकडीने धरून त्याला वर घेतले. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितामुळे, आणि पुढच्या गोष्टीत खरे महत्त्व त्याच हस्तलिखिताला आहे.

पहिल्या हिवाळ्यात रोगराईने आणि हालअपेष्टांनी जवळजवळ निम्मे प्रवासी दगावले. १६२१च्या वसंतात कार्व्हर वारला, त्याच्या पाठोपाठ त्याची पत्नीही गेली, आणि धनी नसलेला हा नोकर आपोआप मोकळा झाला. त्याच जहाजातली एलिझाबेथ टिली ही जेमतेम तेरा वर्षांची मुलगी त्या हिवाळ्यात आई, वडील, काका आणि काकू अशा चौघांनाही मुकली होती. पुढे या दोघांचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली आणि त्या काळात नवलच म्हणावे लागेल, पण दहाही मोठी होऊन संसाराला लागली. एकेकाळचा हा नोकर वसाहतीचे कर्ज अंगावर घेणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक झाला आणि काही काळ त्याने आजच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा कारभारही पाहिला. फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष आणि चित्रपट अभिनेता हंफ्री बोगार्ट ही सर्व मंडळी याच जोडप्याच्या वंशातली.

नोकराच्या वंशात जन्मल्याचा अभिमान बाळगणे मात्र सर्वांनाच जमत नसावे. एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची नात होती, अशी आख्यायिका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. आपल्याकडच्या काही कुलवृत्तांतांतही मूळपुरुषाला कोणत्या ना कोणत्या दरबारात नेऊन बसवलेले असते, त्याची मला येथे आठवण झाली. १८३०च्या दशकात प्लिमथच्या बरियल हिल या टेकडीवर एका वंशजाने जॉनच्या नावे दगड उभारला आणि त्यावर हे नाते चक्क कोरून घेतले.

ब्रॅडफर्डचे हस्तलिखित त्या वेळी हरवलेले होते. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ते बॉस्टनमधल्या एका चर्चच्या ग्रंथसंग्रहातून नाहीसे झाले होते. १८५५ साली त्याचा शोध लागला तो लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात, आणि पुढच्याच वर्षी ते छापून निघाले. त्याच्या अखेरीस ब्रॅडफर्डने जहाजातल्या प्रवाशांची कुटुंबवार यादी आणि तीस वर्षांनंतरची त्यांची स्थिती नोंदवून ठेवली आहे. जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ ही आता जॉन हाउलँडची बायको असून तिची दहाही मुले हयात आहेत, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. गव्हर्नरची नात म्हणून मिरवलेली आजी एका सामान्य प्रवाशाची पोरकी मुलगी ठरली. पुढे टेकडीवर नवा दगड आला आणि त्यावर टिलीचे नाव आले.

आज ‘मेफ्लॉवर’च्या वंशजांच्या संस्थेत प्रवेश हवा असेल तर प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू कागदोपत्री दाखवावा लागतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या पणजोबांची सही सापडली होती, तेव्हा वडिलांचे डोळे भरून आले होते. त्यामुळे ही धडपड मला हास्यास्पद वाटत नाही.

तरीही या वंशावळीत एक बाजू पुसट राहते. प्लिमथ वसले ते पटक्सेट या, तिथल्या मूळ रहिवासी वांपानोआग लोकांच्या गावाच्या जागी, जे १६१६ ते १६१९ दरम्यानच्या साथीत ओस पडले होते. १६७५ साली वांपानोआगांचा प्रमुख मेटाकॉम याच्याशी युद्ध पेटले तेव्हा जॉनचा मुलगा जेबेझ इंग्रजांकडून लढला. सँडविच स्ट्रीटवरचे घर त्याचेच. युद्धानंतर ते विकून तो आजच्या र्‍होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला स्थायिक झाला, म्हणजे मेटाकॉमच्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या जमिनीवर.

बरियल हिलवरच्या दगडापाशी मी एलिझाबेथची कबर शोधत बराच वेळ फिरलो. ती तिथे नाही. जॉन १६७३ साली गेल्यानंतर ती मुलगी लिडियाकडे स्वान्सी येथे राहायला गेली, १६८७ साली तिथेच वारली आणि तिची कबर आजच्या र्‍होड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे आहे.