वर कशी येऊ?

मी जोडप्यांना ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर सहलीला नेते. तिथे कड्यावरची खोली मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न गुडघ्यांचा विचारते. लोकांना वाटतं, बाई थट्टा करतेय.

फोटोत पांढरा ओटा असतो, टबातलं निळं पाणी असतं, दोन ग्लास असतात आणि खाली समुद्र. रस्ता वरच संपतो, हे फोटोत नसतं. इमेरोविग्ली गाव काय, इया काय, कड्याच्या तोंडावर गाडी जातच नाही. तिथली छोटी हॉटेलं म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ थरात खोदलेली जुनी घरं. एकाखाली एक, वरच्याचं अंगण ते खालच्याचं छप्पर. लिफ्टला जागा कुठून आणणार? बॅगा पोरं खांद्यावरून नेतात. माणसांनी आपापलं बघायचं.

आमचं ऑफिस 'जोडप्यांची खास सहल' विकतं. बुकिंगवाली मुलं हुशार आहेत, पण खुर्चीतून उठलेली नाहीत. कॅल्डेरा म्हणजे ज्वालामुखी खचून झालेली, समुद्राने भरलेली खोल वाटी. त्यांना 'कॅल्डेरा व्ह्यू' म्हटलं की सूर्यास्त आलाच असं वाटतं. तसं नसतं. इयातल्या बऱ्याचशा कॅल्डेराकडच्या खोल्या दक्षिणेला तोंड करून आहेत आणि जूनमध्ये सूर्य बुडतो पार वायव्येला. म्हणजे भरमसाट पैसे मोजून माणसं खोलीतून उठतात आणि पडक्या किल्ल्यावर गर्दीत टाचा उंचावून सूर्यास्त बघतात. इमेरोविग्लीहून तो जूनमध्ये थिरासिया बेट आणि इयाचं टोक यांच्या आसपास बुडतो, आपल्या ओट्यावर बसून दिसतो. या एका मुद्द्यावर मी ऑफिसात वर्षभर भांडले आणि हॉटेल बदलून घेतलं. पायऱ्यांवर मात्र माझं कोणी ऐकलं नाही.

२०२५च्या जूनमध्ये पाच जोडपी होती. चार नवी, त्यातल्या दोघींनी वाऱ्यावर उडणारे लांबलचक झगे भाड्याने ठरवले होते. हल्ली तो तिथे धंदाच आहे. पाचवं जोडपं कराडकडचं. लग्न १९७५चं, पन्नास वर्षं झाली म्हणून हिंजवडीतल्या मुलाने सहल भेट दिलेली. काका साखर कारखान्यात केमिस्ट होते. काकूंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली, डावा दुखरा. फॉर्ममध्ये रक्तदाब होता, मधुमेह होता, शाकाहारी की मांसाहारी होतं. गुडघ्याला रकाना नव्हता.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीने सात-आठ तास, मग अथिनिओस बंदरातून नागमोडी घाट चढून वर. उन्हात बस थांबली. वरच्या वाटेवर एक बुटकं निळं दार, त्याच्या आत पायऱ्या. आमच्या खोल्यांपर्यंत नव्वदेक. तरुण मंडळी मोबाइल समोर धरून खाली पळाली. काकूंनी दारातून डोकं आत घातलं, परत काढलं आणि शेजारच्या कठड्यावर बसल्या.

"डोली नाही का? अजिंठ्याला असते."

एका नवऱ्या मुलाने गाढवाचं सुचवलं. गाढवं बेटावरच्या मुख्य गावाच्या, फिराच्या, जुन्या बंदरावर असतात, इथे नाहीत, आणि शंभर किलोंवर ओझं लादायला २०१८पासून बंदी आहे, हे मी सांगितलं. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे काही बोलला नाही. हॉटेलची व्यवस्थापक बाई म्हणाली, दोघं मिळून खुर्चीत बसवून उतरवतील. काकू म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून जायला अजून वेळ आहे."

मी कामारीला फोन लावला. पलीकडची बाजू, काळ्या वाळूचा सपाट किनारा. ओळखीच्या हॉटेलात तळमजल्यावर खोली मोकळी होती. काकू लगेच तयार झाल्या. काका नाही म्हणाले. पोराने व्ह्यूचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत, आणि फोटो पाठवायचे ते कशाचे? मी काकूंकडे बघितलं. त्या चपला काढून पिशवीतले कॅनव्हासचे बूट घालत होत्या.

उतरणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची दीड वीत, मध्येच एखादी तिरकी. कडा चुन्याने रंगवलेल्या, त्यामुळे दुपारच्या उन्हात पायरी कुठे संपते ते कळत नाही. कठडा आहे तिथे आहे, नाही तिथे नुसती भिंत. मी काकूंच्या एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी उतरत होते. फिजिओने शिकवलेलं त्यांना तोंडपाठ होतं: उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला. निऱ्या वर खोचलेल्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर. भिंत तापलेली. मागून बॅग घेऊन येणारा अल्बेनियन पोरगा बघत होता. त्याने बॅग तिथेच ठेवली, खांद्यावरचा टॉवेल घडी करून काकूंच्या हाताखाली धरला आणि प्रत्येक पायरीला तो टॉवेल भिंतीवर पुढे सरकवत राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चाळीस मिनिटं लागली. ओट्यावर पोचल्यावर काकूंनी दुसरा तळवा बघितला, तो पांढरा झाला होता. काकांपुढे धरला. "घ्या, तुमच्या तंबाखूला."

संध्याकाळी सगळे इयाला गेले, काकासुद्धा. मी काकूंपाशी थांबले. वरून जेवण आणवलं. पिवळी फावा, वर कच्चा कांदा आणि केपर्स. ही डाळ आपल्याकडच्या लाखेच्या कुळातली. "ह्याला फोडणी का नाही?" एवढंच काकू म्हणाल्या आणि संपवली. तेवढ्यात व्यवस्थापक बाई चौकशीला आली. काकूंनी छताच्या कमानीकडे बोट दाखवून विचारलं, हे पडत नाही का? मी भाषांतर केलं. बाईने खरं ते सांगितलं. १९५६च्या जुलैमधल्या भूकंपात बेटावर पन्नासहून अधिक माणसं गेली, पुष्कळांनी गावच सोडलं. आणि आत्ता फेब्रुवारीत हजारो हादरे बसले, सगळ्यात मोठा ५.३चा, आणीबाणी जाहीर झाली, दहा हजारांवर लोक बोटींनी-विमानांनी बेट सोडून गेले. ती स्वतः अथेन्सला बहिणीकडे होती. हॉटेल नंतर तपासून घेतलंय, म्हणाली.

काकू ताठ बसल्या. ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या, पाटणला. पहाट होती. वडिलांनी दार ओढलं तर चौकट वाकून बसलेली, उघडेना. खिडकीतून एकेकाला बाहेर काढलं. मग कित्येक दिवस अंगणात, थंडीत, कांबळी पांघरून. दिवसभर जेमतेम बोललेल्या बाई आता हाताने चौकट काढून दाखवत होत्या, आणि ग्रीक बाई मी भाषांतर करायच्या आधीच मान हलवत होती.

मग काकूंनी विचारलं, "रात्री हललं तर मी वर कशी येऊ?"

मी भाषांतर केलं. बाई थोडा वेळ गप्प राहिली. बाहेर पडायची वाट तीच, पायऱ्यांची. पोरं रात्री अकराला घरी जातात. शेवटी म्हणाली, ओट्यावर थांबा, कोणीतरी येईल. आता ओटा म्हणजे खालच्या खोलीचं छप्पर. हे मी काकूंना सांगितलं नाही. त्यांना ते दिसत होतंच.

त्या रात्री त्यांनी बूट, पासपोर्ट आणि गोळ्यांची डबी उशाशी ठेवली आणि दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं, चौकट अडकू नये म्हणून. काका वाऱ्याची कुरकुर करत झोपले. माझी खोली त्यांच्या वरची. मला झोप लागली नाही. काहीही हललं नाही.

उरलेले दिवस काकू खालीच होत्या. अक्रोटिरीचं उत्खननात सापडलेलं प्राचीन गाव नाही, वाइनरी नाही. "समुद्र बघून बघून किती बघायचा?" मला म्हणाल्या. मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मात्र: "लई भारी आहे रे. कशाला एवढा खर्च केलास?" मी शेजारीच उभी होते. परतीच्या दिवशी त्याच पोराने टॉवेल धरला, आणि चढायला उतरण्यापेक्षा कमी वेळ लागला.

मुलाने पाच तारे दिले. लिहिलं, आईवडिलांसाठी उत्तम. ऑफिसने ते वाक्य जाहिरातीत टाकलं आणि सप्टेंबरसाठी तीन ज्येष्ठ जोडपी त्याच हॉटेलात घेतली. मी मेल केला: रात्री बाहेर काढायची वेळ आली तर यांना वर कोण आणणार? उत्तर आलं, "मॅडम, तिन्ही रूम्सचा व्ह्यू कन्फर्म आहे."

कामारीत तळमजल्याच्या तीन खोल्या मी माझ्या नावावर धरून ठेवल्यात. ऑफिसला अजून सांगितलेलं नाही. तिन्ही घरी मीच फोन लावणार आहे.