आमची वाटचाल : खणखणीत आणि बद्द

पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका सराफी पेढीत नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 22 वर्षं गिऱ्हाइकांची चांदी पारखली. ती नोकरी संपल्यावर त्यांनी सोन्या मारुती चौकाजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री सुरू केली. भांडवल म्हणजे एक तराजू, एक भिंग आणि नानांचा कान. मी बी.कॉम. करून हिशेब लिहायला म्हणून आले, ती तिथलीच झाले.

पहिला धडा आवाजाचा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छाप असलेला चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या रुपयानं कडेला हलकेच टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांदीचा नाद लांबत जातो; शिसं-कथलाचा ओतीव रुपया जागीच बद्द होतो. पण नाना लगेच बजावायचे, "अगं, नुसत्या कानावर निकाल द्यायचा नाही." पूर्वी बायका रुपयांना कडी लावून माळेत ओवत. कडी काढली तरी डाग राहतो, आणि असा अस्सल रुपयाही कधी बद्द वाजतो. त्याला खोटा ठरवलं तर कुणाच्या तरी पणजीच्या दागिन्याचा अपमान होतो.

मग वजन. हा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि तोच जुना तोळा. आज गिऱ्हाईक तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतं, हे आम्हाला दर आठवड्याला समजावून सांगावं लागतं. झिजलेला रुपया थोडा हलका भरणारच. मात्र खोटं पाडणाऱ्याची खरी अडचण वेगळी असते. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू, तो चांदीपेक्षा हलका. त्यामुळे आकार बरोबर साधला तर वजन कमी भरतं, आणि वजन साधलं तर नाणं जाड होतं.

धंद्याला वळण लागलं ते आमच्याच चुकीनं. 1939 सालचा रुपया दुर्मीळ, त्याला भाव मोठा. जुन्या बाजारातून आलेला तसा एक आम्ही घेतला आणि एका संग्राहकाला विकला. महिन्याभरानं ते परत आले, रागावलेले नव्हते, नुसतं नाणं काउंटरवर ठेवलं. मी दहापट भिंगाखाली धरलं. 9 च्या पोटाखाली, डाव्या बाजूला, धातू खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या आणि तेवढीच जागा भोवतालच्यापेक्षा चकचकीत होती. मुळात तो 1938 चा रुपया. 8 चा खालचा डावा भाग कानशीनं घालवून 9 केलेला. चांदी खरी, वजन खरं, नाद खरा. खोटं होतं ते फक्त साल. आम्ही पैसे परत केले. त्या दिवशी नाना संध्याकाळी दिवा लावायचे विसरले.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला : संशय आला तर विकायचं नाही, आणि पटलेलं खोटं नाणं परत बाजारात जाऊ द्यायचं नाही. ते आमच्या पेटीत जातं. पारखीचे पैसे वेगळे, ठरलेले. नाणं किती किमतीचं यावर ते वाढत नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जो पारख करतो त्याचा भावाशी हात गुंतला की नजर मळते.

आता आम्ही पाण्याची चाचणी सगळ्यांसमोर करतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं दोऱ्यानं पाण्यात सोडायचं, तळाला लागू द्यायचं नाही. मग काटा नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. पूर्ण वजनाचा खरा रुपया असेल तर काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास थांबतो. तेवढ्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर 1.34 च्या जवळ जातं. सराफांकडचं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं मशीन चांगलंच, पण ते वरचा पातळ थर वाचतं, आणि तांब्यावरचा चांदीचा जाड मुलामा त्याला फसवू शकतो. पाणी आतलं सांगतं.

शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याची, गोष्ट वेगळी. ती हातानं पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलंच असतं. अगदी मध्यभागी, अक्षर न् अक्षर आणि भोवतीचे सगळे ठिपके असलेली शिवराई दिसली की मी सावध होते. आणि दोन नाण्यांची चीर एकाच जागी, टवका एकाच आकाराचा असेल तर ती साच्यातून ओतलेली जुळी, यात शंका नाही. साधी शिवराई मुबलक मिळते, म्हणून तिच्या नकलेत फार पैसा नाही. सोन्याच्या होनाचं मात्र उलटं. आजवर आमच्याकडे आलेला प्रत्येक होन खोटा निघाला.

सर्वात जास्त वेळ जातो तो रामपंचायतनाच्या 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' नाण्यांवर. कोट्यवधींना जातात असं ऐकून माणसं गावाहून बस करून येतात. कंपनीनं अशी नाणी कधी पाडलीच नाहीत, हे सांगताना मी आधी पाणी देते, बसवते. त्याचे पैसे घेत नाही.

गेल्या दिवाळीआधी सदाशिव पेठेतल्या एक आजी देवघरातले 21 रुपये घेऊन आल्या. सुनेला द्यायचे होते, म्हणून आधी पारख. 20 खणखणीत. एकविसावा पाण्यात 1.27 वर गेला. कडेला छिन्नीचा छोटा घाव होता. भिंगाखाली त्यात तांबं दिसलं आणि घावाच्या खोबणीत जुनी काळी माती. म्हणजे तो राणीच्याच काळात बनलेला, आणि त्याच काळात कुणा सराफानं टाच मारून पकडलेला.

आजींना भीती वाटली, मी तो पेटीत ठेवून घेईन. "सासऱ्यांनी जपलेला आहे हो," म्हणाल्या. नियम विकण्यापुरता होता, घरातल्या देवापुरता नव्हता. मी चिठ्ठीवर लिहिलं : 'त्या काळचं खोटं नाणं, तांब्यावर चांदीचा मुलामा, सराफाची टाच आहे, विक्रीस नाही.' आजींनी ती चिठ्ठी घडी घालून रुपयासोबतच बटव्यात ठेवली.