गावाकडे रान असताना पैसे भरून हुरडा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर जानेवारीत कुणी ना कुणी विचारतंच. मंगळवेढ्याला सख्ख्या भावाचं ज्वारीचं रान आहे, आणि मी पुण्याहून पैसे भरून, ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा चाळीस-पन्नास माणसांच्या हुरडा पार्टीला एकटीच का जाते? आजवर 'तेवढाच हवापालट' म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं.

पहिल्यांदा गेले ती 2018 च्या जानेवारीत, चौफुल्याच्या अलीकडे एका शेतावर. बरोबरच्या मैत्रिणी ऐनवेळी गळाल्या, पैसे भरून झाले होते. सकाळभर अवघडून बसले. आगटीपाशी मात्र राहवलं नाही. भाजणारा पोरगा नवखा होता, कणसं नुसती करपवत होता. मी एक कणीस त्याच्याकडून मागून घेतलं, गोवऱ्यांच्या धगीत फिरवलं, तळव्यावर चोळलं, फुंकर मारून फोलकट उडवलं आणि शेजारच्या बाईंच्या हातावर हिरवे दाणे ठेवले.

"सोलापूरकडच्या का ओ ताई?"

"मंगळवेढ्याची," म्हटलं, आणि माझं नेहमीचं सुरू झालं. आमची काळी जमीन, पाऊस गेला तरी ओलीवर आणि थंडीवर पोसणारी ज्वारी, तिला 2016 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन. दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं आमचं गाव. आमच्या रानात अख्खी आळी हुरड्याला यायची, हेही.

त्या सांगोल्याकडच्या, पिंपरीला एका दवाखान्यात नर्स. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "माझी आई खुडणीला जायची. मंगळवेढ्याच्या शिवारात बी गेलेली. एकदा तिची ओटी झाडून घेतली मालकानं, सगळ्या बायांदेखत. चार कणसं निघाली. मी बारकी होते, तिच्याजवळच उभी. म्हणून म्हटलं, एकदा पैसे टाकून पोटभर खावं."

आवाजात राग नव्हता. बोलून झाल्यावर त्यांनी परत हात पुढे केला.

मी विचारलं, गाव कुठलं? आठवत नाही म्हणाल्या. आणि मला हायसं वाटलं. इतकी वर्षं झाली, त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

कारण 1974 ची खुडणी मला आठवते. मी नऊ वर्षांची होते. कणसांच्या ढिगाशी खेळत होते. एका बाईला ओटीत कणसं खोवताना मी पाहिलं आणि पळत जाऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर ओटी सोडायला लावली. तिचा चेहरा काही केल्या आठवत नाही. खाली पडलेली कणसं आठवतात, आणि ती एकेक उचलून परत ढिगावर ठेवणारे तिचे हात. सोबत पोर होतं की नव्हतं, तेही आठवत नाही. संध्याकाळी घरी माझं कौतुक झालं. पोरीचं ध्यान आहे हो, असं आजोबा चारचौघांत म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं हा प्रसंग मी स्वतःच्या हुशारीचा म्हणून सांगत आले. लेकीलासुद्धा सांगितला.

मी लहान होते हे खरंच आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर हाती आलेलं ते पहिलं भरलं पीक, आधीचं वर्ष आम्हीही रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, तांबड्या भाकरी खाऊन काढलेलं. घरात कणसाकणसाचा हिशेब होता. पण ज्यांच्या घरात धान्याचं पेव होतं त्यांनी मिलो खाल्लं, तर ओटीत कणसं नेणारीनं काय खाल्लं असेल? नवव्या वर्षी नाही, चाळिसाव्या वर्षी तरी हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

भावाच्या रानात हे मी काढून पाहिलंय. भाऊ म्हणाला, सोड गं, पोर होतीस. वहिनी म्हणाली, चोरी ती चोरीच. मग चटणी फिरली, दही फिरलं, विषय मिटला. तिथे आगटीभोवती सगळे आमचेच बसतात, सगळ्यांना तीच गोष्ट पाठ असते, आळी हुरड्याला यायची ती. परक्यांत तसं नसतं. एकदा नगरकडचे एक निवृत्त कंडक्टर भेटले. लहानपणी दुसऱ्याच्या रानात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखलेले. हुरडा मात्र मालकाची माणसं उठून गेल्यावर, राखेत राहिलेला. अमक्याची लेक म्हणून मी समोर असते, तर त्यांनी हे मला सांगितलं नसतं.

भाऊ म्हणतो, तू माफी मागायला जातेस, आणि मागायची हिंमत नाही म्हणून गर्दीत बसतेस. मला हे पटत नाही. खोडूनही काढता येत नाही.

त्या नर्सबाई आणि मी आता दरवर्षी मिळून जातो. संक्रांतीला फोन होतो, त्यांच्या मुलाच्या लग्नात मी पंगतीला वाढलं. ती ओटीची गोष्ट, माझ्या बाजूची, त्यांना अजून सांगितलेली नाही. दरवेळी ठरवून जाते.

परवा त्यांचा फोन आला. यंदा आईला आणते म्हणाल्या. आई ऐंशीच्या पुढे आहेत, पण जुनी गावं, जुनी माणसं त्यांना सगळी लख्ख आठवतात म्हणे. मी बरं म्हटलं. तिघींचे पैसे भरलेत. आईंना दात नाहीत, तेव्हा कोवळी कणसं वेगळी काढून ठेवा असं शेतावर कळवलंय. भाजून, चोळून मीच देणार आहे.