लोकरी मावा, आबांचा पंप आणि दोन समीकरणं

2002 साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी शाळेत होतो. पानाखाली पांढरी लोकर, खालची पानं माव्याच्या चिकट पाण्यानं काळी पडलेली, उसात शिरून आलं की आई शर्ट बाहेरच काढायला लावायची. कागलजवळ आमचं दीड एकर. आबा फवारा मारायचे, मावा जायचा, परत यायचा, परत मारायचे. शेजारच्या अण्णांनी काय फवारलंच नाही (पैसेच नव्हते म्हणा), आणि मावा खाणाऱ्या डिफा किड्याच्या अळ्या सापडल्या त्या त्यांच्याच उसात! मग तीच पानं तोडून आणून आमच्यात अडकवली.

हे सगळं विसरलो होतो, पण एमएस्सीला लोटका-व्होल्टेरा मॉडेल आलं. दोनच समीकरणं, एक सावजाच्या संख्येचं एक शिकाऱ्याच्या. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली तर बाजारात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं, असं का, हे जावयानं विचारलं म्हणून व्होल्टेरा या गणितज्ञानं 1926 मध्ये हे मांडलं. त्यातून निघतं काय, तर दोघांनाही त्यांच्या संख्येच्या प्रमाणात मारत राहिलात तर सरासरीनं सावज वाढतं आणि शिकारी घटतो. आमच्या उसात सावज म्हणजे मावा, शिकारी म्हणजे डिफा, आणि फवारा दोघांनाही मारणारा! मला तिथं वर्गातच आबांचा पंप दिसला.

पण हेच गणित म्हणतं की दोघांची संख्या कायम खालीवर होत राहणार. गाऊझे नावाच्या रशियन माणसानं 1934 च्या पुस्तकात छापलेत ते प्रयोग बघा, नळीत पॅरामेशियम हा एकपेशी जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम सोडला, तर डिडिनियमनं सगळं फस्त केलं आणि मग स्वतः उपाशी मेला, खेळ खल्लास. अधूनमधून बाहेरून दोन्ही जीव टाकले तेव्हाच खालीवर झालं. कागदावर पाव डिडिनियम उरला तरी त्याची पोरंबाळं होतात हो, नळीत नाही होत. आणि कागदावर सगळे एकमेकांत सारखे मिसळलेले, लपायला जागा नाही, बांध नाही, बांधापलीकडं अण्णा नाहीत.

तरी मी ते मॉडेल टाकाऊ म्हणणार नाही. गेल्या महिन्यात खोडव्यात चार पानांवर मावा दिसला, आबांचा फोन, फवारू काय रे? म्हटलं थांबा, आधी पान उलटून अळी हाय काय बघा, आणि अण्णांच्यात पण बघून या.