वीणेचा पहारा

पुण्याहून सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्पा. सुमारे ३२ किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण. पूर्ण वारी करणं मला शक्यच नव्हतं. हा एक दिवस मिळाला, तोही धाकट्या बहिणीने हट्टाने दिला. "ताई, मी रजा टाकलीय. त्याचं सगळं मला येतं आता. तू जा."

त्याचं म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं. गावी आंब्याच्या झाडावरून पडला आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला मार बसला. बेंबीखाली त्याला काही कळत नाही. शस्त्रक्रिया झाली, पुष्कळ दिवस दवाखान्यात गेले, पण खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. ज्या कातडीला दुखणं कळत नाही, ती एकाच कुशीवर दाबून राहिली की लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. बॅटरीच्या उजेडात टाचा, खुबे, माकडहाड नीट बघायचं. ठरलेल्या वेळी नळी घालून लघवी काढायची. नवरा रात्रपाळीला, त्यामुळे गजर माझाच. "काही लागलं तर सांग," असं सगळे म्हणायचे आणि मी "जमतंय" म्हणायचे.

माझ्या माहेरी वारी आहे. अपघातानंतर विठ्ठलाच्या तसबिरीपुढे मी दिवा लावत होते, पण त्याच्याशी बोलणं थांबलं होतं.

हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागते आणि माउलींची सासवडकडे वळते. तिथून पुढे माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. एकादशी होती. रस्त्याकडेचे लोक केळी, राजगिऱ्याचे लाडू हातात कोंबत होते. आजींनी विचारलं, "घरी कोन हाय, माय?" मी सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, न थांबता.

'बरा होईल गं' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "रातीला कोन उठतंय?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

"मीच."

त्या गप्प चालत राहिल्या. वडकी नाल्याला विसाव्याला दिंडी थांबली. वीणेकरी बाबा घामाने निथळत होते, तरी त्यांनी वीणा खाली ठेवली नाही. दुसरा एक जण पुढे आला, वीणा त्याच्या गळ्यात गेली, दोघे एकमेकांच्या पाया पडले. आजी म्हणाल्या, "आमच्या गावात सप्ता बसतो तवा सात दिस वीणा भुईला टेकत न्हाई. पर एकट्यानं कुनी धरत न्हाई. दोन-दोन तासाचे पहारे लावतेत. लोकं पहारा मागून घेतेत. तू कुनाला मागूच दिला न्हाईस."

दोन-दोन तास! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडल्या होत्या. वळणावरून खाली पाहिलं तर पांढऱ्या टोप्या, पताका, टाळ, सगळा डोंगर हलत होता. वारकऱ्याने विठ्ठलाला नवस बोलायचा नसतो, त्याला भेटायला जायचं असतं, असं आजोबा सांगायचे. मुलगा चालेल का, हे मी विठ्ठलाला विचारलं नाही. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं आहे. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चालू होतं, त्यात मी त्याला रात्रींबद्दल सांगितलं. लाल झालेल्या टाचेबद्दल, गजराच्या भीतीबद्दल, माझ्या रागाबद्दल. फार रडले. मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवला आणि "चला माउली" म्हणालं, बाकी काही नाही. विठ्ठल माझ्याबरोबर चालतो आहे याबद्दल मला त्या चढावर शंका राहिली नाही, आणि आजही नाही.

पुढच्या आठवड्यात घरी भिंतीवर कागद लागला. बाराचा पहारा सासऱ्यांचा. दोनचा भाच्याचा, तो कॉलेजसाठी आमच्याकडेच राहायला आला. चारचा माझा. सहाचा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. खांदा आणि कंबर एकाच वेळी कशी वळवायची, गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, हे काकूंनी वहीत लिहून घेतलं. एकदा टाचेवरची लाली मला दिसायच्या आधी त्यांनाच दिसली. मुलगा झोपताना विचारतो, "आज दोनचे वीणेकरी कोण?" आणि भाचा हात वर करतो.

यंदा मुलाला माउलींचा रथ बघायचाय. खुर्चीवर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं असतं, नाहीतर बसल्या जागी जखम होते. त्याचा सराव चालू आहे. काकूंच्या भावाचं रस्त्याला लागूनच दुकान आहे, त्याच्या ओट्यावरून रथ जवळून दिसेल. ओट्याला तीन पायऱ्या आहेत, म्हणून भाचा सध्या खुर्ची चढेल अशी रुंद फळी शोधतो आहे.