आमच्या रेल्वेमार्गावरचे दोन ग्रॅमी

न्यू जर्सीत पाहुणे आले की दाखवायच्या जागा ठरलेल्या आहेत: एडिसनचा ओक ट्री रोड, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम, हडसनच्या अलीकडच्या काठावरून दिसणारं मॅनहॅटन. ईस्ट ऑरेंजला कुणी कुणाला नेत नाही. मॉरिस अँड एसेक्स लाइनवरची आमची गाडी न्यूअर्क ब्रॉड स्ट्रीट सोडल्यावर तिथे थांबते, शेजारून हायवे धडधडत असतो, विटांच्या उंच इमारती दिसतात आणि ऑफिसातून सुटलेली दमलेली माणसं उतरतात. ही वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. पुढे थोड्याच वेळात साउथ ऑरेंज आणि मेपलवुड येतात, झाडं दाट होतात, घरं मोठी होतात आणि त्यांचे भावही. रॅप अल्बमसाठीच्या ग्रॅमीचे पहिले दोन मानकरी याच पट्ट्यातले.

पहिला मान 1996 साली 'नॉटी बाय नेचर' या त्रिकुटाच्या 'पॉव्हर्टीज पॅराडाइज'ला मिळाला. ट्रीच, विन रॉक आणि केजी, तिघेही ईस्ट ऑरेंजचे. त्यांना हात देऊन पुढे आणणारी रॅपर क्वीन लतीफा शेजारच्या न्यूअर्कची. दुसरा मान 1997 साली 'फ्यूजीज'च्या 'द स्कोअर'ला. त्यातली गायिका आणि रॅपर लॉरिन हिल मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलची विद्यार्थिनी. तिचे साथीदार वायक्लेफ जाँ आणि प्रास दोघेही हैतीशी नातं असलेल्या घरांतले. 'द स्कोअर'चं बरंचसं काम झालं तेही ईस्ट ऑरेंजमध्येच, वायक्लेफच्या नातेवाइकांच्या घराखालच्या तळघरात थाटलेल्या बूगा बेसमेंट नावाच्या स्टुडिओत. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं जगातला सर्वोत्तम ठरलेला रॅप अल्बम आमच्या गाडीच्या एका स्टेशनच्या आसपास जन्मला होता. माझ्या डब्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

मला हे सांगितलं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. तो न्यूअर्कचा, पन्नाशी ओलांडलेला, आणि फेब्रुवारी आला की त्याला ग्रॅमीचा ताप चढतो. पुरुषोत्तम करंडकाच्या निकालानंतर भरत नाट्य मंदिराबाहेर जो वाद रंगतो ना, अगदी तसलाच वाद हा माणूस कॉफी मशीनपाशी उभा राहून एकटा घालतो. मला रॅपमधलं काही कळत नव्हतं. शिव्या फार असतात एवढंच माहीत होतं, आणि ते खरंही आहे, घरात मोठ्याने लावू नका. पण याचं बोलणं ऐकता ऐकता मी या पुरस्काराच्या जुन्या याद्या वाचायला लागलो आणि त्यात अडकलो.

मुळात रॅप अल्बमला वेगळा पुरस्कार 1996 सालापर्यंत नव्हताच. ब्राँक्समध्ये 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क आणि त्याची बहीण सिंडी यांनी जी पार्टी दिली, तिथून हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताचा, जन्म मोजतात. ती तारीख 11 ऑगस्ट 1973. ग्रॅमी देणाऱ्या अकादमीला रॅपसाठी पहिला पुरस्कार ठेवायला त्यानंतर पंधरा वर्षं लागली. फेब्रुवारी 1989 मध्ये तो दिला गेला, तोही गाण्याला, अल्बमला नव्हे. डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स ही जोडी जिंकली. हा फ्रेश प्रिन्स म्हणजेच पुढे सिनेमातला विल स्मिथ. पण अकादमीने कळवलं की वेळ कमी आहे, हा पुरस्कार टीव्हीवरच्या सोहळ्यात दाखवणार नाही. ज्या वर्षी रॅपला घरात घेतलं, त्याच वर्षी मागच्या दाराने. जेफ आणि स्मिथ, सॉल्ट-एन-पेपा, एलएल कूल जे यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. कूल मो डी मात्र गेला आणि मंचावर चार ओळी म्हणूनही आला. आत जाऊन बोलायचं की बाहेर राहून, हा वाद रॅपवाल्यांमध्ये तेव्हापासून चालूच आहे. माझा सहकारी कूल मो डीच्या बाजूचा. मी अजून ठरवलेलं नाही.

या उशिराची किंमत मोठी होती. पब्लिक एनिमी, डी ला सोल, ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांचे गाजलेले अल्बम, डॉक्टर ड्रेचा 'द क्रॉनिक', नासचा 1994 सालचा 'इलमॅटिक' हे सगळं येऊन गेलं तेव्हा अल्बमचा हा पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. नास त्या वेळी विशीतला होता. त्याला आयुष्यातला पहिला ग्रॅमी 2021 साली मिळाला, 'किंग्ज डिझीज'साठी. तोवर विशीतलं पोर सत्तेचाळीस वर्षांचं झालं होतं.

पहिल्याच वर्षीची नामांकनं वाचली तरी पुढच्या सगळ्या भांडणांचं बीज दिसतं. नॉटी बाय नेचरसमोर कोण होतं? टुपाकचा 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड', जो बाजारात आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा टुपाक तुरुंगात होता. शिवाय बोन थग्स-एन-हार्मनी, ओल डर्टी बास्टर्ड आणि स्की-लो. टुपाक त्या सोहळ्याला हजर होता, रंगवलेल्या चेहऱ्यांच्या 'किस' बँडबरोबर मंचावर उभा राहून त्याने हशाही पिकवला. सप्टेंबरमध्ये तो गोळीबारात गेला. त्याला ग्रॅमी कधीच मिळाला नाही. न्यूयॉर्कचा रॅपर बिगी, त्याला नाही, स्नूप डॉगलाही नाही. इथे आमचा न्यूअर्ककर अडचणीत येतो: जर्सीचा अभिमान एकीकडे आणि टुपाक दुसरीकडे. मला विचाराल तर टुपाकचा अल्बम जास्त टिकला, पण हे मी ऑफिसात बोलत नाही.

1998 चा किस्सा तर सांगायलाच हवा. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये सोहळा. रॅप अल्बमचा पुरस्कार पफ डॅडीच्या 'नो वे आउट'ला गेला. हरलेल्यांत दिवंगत बिगीचा 'लाइफ आफ्टर डेथ' आणि वू-टँग क्लॅनचा 'वू-टँग फॉरएव्हर'. नंतर वेगळ्याच पुरस्कारासाठी शॉन कोल्विन ही गायिका मंचावर पोहोचते न पोहोचते तोच वू-टँगमधलाच ओल डर्टी बास्टर्ड वर चढला आणि त्याने माइक घेतला. आज मी महागडे कपडे घेतले, आम्हीच जिंकणार असं वाटलं होतं, पफी चांगला आहे पण वू-टँग सर्वोत्तम आहे, वू-टँग मुलांसाठी आहे, अशा अर्थाचं बोलला आणि उतरला. बिचारी शॉन कोल्विन बाजूला उभी. लोक हसले, अजूनही हसतात. पण 1989 साली जो पुरस्कार टीव्हीवर दाखवायला वेळ नव्हता, त्याच्या निकालावरची तक्रार या माणसाने थेट प्रक्षेपणात देशभर ऐकवली, हे मला त्यातलं खरं गंमतीचं वाटतं.

पुढच्या वर्षी जे-झी जिंकला आणि सोहळ्याला गेलाच नाही, कारण डीएमएक्स या रॅपरला नामांकनसुद्धा नव्हतं. त्याच रात्री मेपलवुडच्या शाळेतली ती लॉरिन हिल वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा, म्हणजे ग्रॅमीतला सगळ्यात मोठा, पुरस्कार घेऊन गेली. रॅप अल्बमच्या यादीत मात्र तिचं नाव नाही, कारण तिचा अल्बम आर अँड बीच्या, म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, खात्यात मांडला होता. ही खातेवाटणी अकादमीची जुनी खोड.

त्यानंतरची बरीच वर्षं एमिनेम आणि कान्ये वेस्ट यांनीच वाटून घेतली. एमिनेमने सहा, कान्येने चार. मध्ये आउटकास्टने 2004 साली रॅप अल्बमबरोबर वर्षातला सर्वोत्तम अल्बमही पटकावला. हा काळ मला फारसा रंगत नाही, पुढे जाऊ.

2014 ला मात्र थांबावं लागतं. 'गुड किड, मॅड सिटी'वाला केंड्रिक लमार त्या वर्षी सात नामांकनं घेऊन आला आणि रिकाम्या हाताने गेला. रॅप अल्बमचा पुरस्कार सिअ‍ॅटलच्या मॅकलमोर आणि रायन लुइस या गोऱ्या जोडीच्या 'द हाइस्ट'ला. मॅकलमोरने केंड्रिकला संदेश पाठवला की खरा हक्कदार तूच होतास, आणि मग त्या संदेशाचं चित्र स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलं. माफी मागायची तर खासगीत मागावी, असं आमच्या ऑफिसातलं एकमत. मतदार अकादमीचे सभासद असतात आणि ते सगळे रॅप ऐकणारे नसतात, त्यामुळे रेडिओवर कानावर पडलेलं नाव पुढे सरकतं, हा आरोप तेव्हा जोरात झाला. केंड्रिकने नंतर 2016, 2018, 2023 आणि 2026 असा चारदा हा पुरस्कार घेतला. त्यातल्या 'डॅम'ला संगीतासाठीचं पुलित्झरही मिळालं, जे तोवर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट या याद्यांमधून दिसली. हिप-हॉप जिथे जन्मलं त्या ब्राँक्सच्या कलावंताच्या नावावर हा पुरस्कार 2019 पर्यंत नव्हता. तो मिळवला कार्डी बीने, आणि एकट्या स्त्रीने जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ. आधी लॉरिन होती, पण फ्यूजीजबरोबर.

आता आपल्या जवळचं. फेब्रुवारी 2024 मध्ये झाकीर हुसेन यांना एका दिवसात तीन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक शंकर महादेवन यांच्यासह 'शक्ती' या गटाचा, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नुसता गुलाल उधळला जात होता. ते पुरस्कार दुपारच्या, मुख्य सोहळ्याआधीच्या कार्यक्रमात दिले गेले. त्याच दुपारी त्याच कार्यक्रमात अटलांटाच्या किलर माइकलाही तीन मिळाले, त्यात रॅप अल्बमचाही. जिंकल्यावर थोड्याच वेळात सुरक्षारक्षकाशी झटापट केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्याला बेड्या घालून नेलं. पुढे खटला चालला नाही. मला खटकलं ते वेगळंच. तबला आणि बासरी दुपारी उरकतात याची आपल्याला सवय झाली आहे. पण अमेरिकेत घरोघरी वाजणाऱ्या संगीताचा अल्बम 1989 नंतर पस्तीस वर्षांनीही दुपारीच उरकावा? संध्याकाळी मुख्य मंचावर जे-झीने विल स्मिथच्या त्या बहिष्काराची आठवण काढली आणि अकादमीला हसत हसत सुनावलं.

2025 ला हाच पुरस्कार रात्रीच्या मुख्य सोहळ्यात दिला गेला. फ्लोरिडातल्या टँपाची डोची जिंकली आणि तिला तो दिला कार्डी बीने. सहकारी दुसऱ्या दिवशी खूश होता, पण दहाच मिनिटं. मग त्याने विजेत्यांची गावं मोजायला सुरुवात केली: डेट्रॉइट, अटलांटा, शिकागो, न्यू ऑर्लीन्स, टोरांटो, सिअ‍ॅटल, काँप्टन, आता टँपा. फ्यूजीजनंतर न्यू जर्सीला एकही नाही. न्यूअर्कच्या रेडमन या रॅपरचं नाव घेऊन त्याने भाषण सुरू केलं, तेव्हा माझी मीटिंग होती.